रविवारी दहा ते बारा

४ सप्टेंबर

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

जगातल्या बारा रम्य स्थळांचं कॅलेंडर आमच्या छापखान्यात निघतंय. फोटो साफ करायचे मी. हिमनदीवरची विजेची तार पुसली, वाळवंटातली प्लास्टिकची पिशवी उचलली, निळ्या तळ्याकाठचं आख्खं झोपडं उडवलं. पण डिसेंबरचं पान उघडलं आणि समोर आपला धबधबा! आठवड्यातल्या कुठल्यातरी मधल्या वारी काढलेला फोटो, म्हणजे नुसता कोरडा कातळ. तुझा दात पडला ती कपारसुद्धा दिसतेय. मालक म्हणाले, यात पाणी घाल. मी म्हटलं, तुम्ही आधी तिथं पाणी सोडायला लावा, मग मी इथं दाखवते. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे, नाहीतर घरी बसायचं.

आईला यातलं काही बोलू नकोस.

लोभ वाढव, वजन नको.
तुझी ताई

१० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं भाषण वाचलं, टाळ्याही वाजवल्या. आता माझं ऐक. धरणाच्या दाराचं चाक फिरवणारा मीच आहे. आठवडाभर नदी पाइपातून वीजघराला जाते. रविवारी दहा ते बारा पाहुण्यांसाठी दार उघडतो, की लोक खूश. एका काकांनी तर बटण कुठे आहे म्हणून विचारलं. बारानंतर खाली खडकांत मासे तडफडतात, ते मी बादलीत भरून डोहात सोडतो. एवढं मी गिळतोच ना? मग तूही ब्रशचे चार फटकारे मार. कोरडा कातळ छापून आला तर पाहुणे येणार नाहीत आणि धरणावरचे साहेब पहिलं मला धरतील. दोघं घरी बसलो तर आईला काय सांगायचं?

माया असू दे, हट्ट सोड.
तुझा ठोंब्या

३० सप्टेंबर

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

नाही मारले फटकारे. ब्रश मालकांपुढे ठेवला आणि चालू लागले. आता गल्लीतल्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो कापते. इथं चेहरे आहेत तसेच जातात. पाणी दुसऱ्यानं घातलं. त्या बिचाऱ्यानं जागा पाहिलेली नाही, त्यामुळे धबधबा डावीकडून पाडलाय, जिथं आपण कपडे वाळत घालायचो! पाण्यानं हजारो वर्षं कोरलेली उजवीकडची घळ मात्र कोरडी. मी सांगू शकले असते. नाही सांगितलं.

तुझ्यावर राग नाही. पण मासे तू बादलीनं वाचवतोस, मग नदी कुणी वाचवायची? उत्तर पत्रानं नको.

आशीर्वाद आहेतच, ते काही मुदतीचे नाहीत.
ताई

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल रविवारी पाहुणे ते कॅलेंडर हातात घेऊनच आले. मी दार उघडलं, पाणी उजवीकडून कोसळलं. एक बाई एकदा फोटोकडे, एकदा धबधब्याकडे बघत म्हणाल्या, हा तो नव्हेच, आम्हाला फसवलंत. साहेबांनी त्यांची माफी मागितली. मग मला म्हणाले, उद्या माणसं लावून घळ सिमेंटनं बुजवू, म्हणजे पाणी डावीकडून पडेल.

ताई, माझ्या डोक्यात तिडीक गेली. बारा वाजले, मी दार लावलं नाही. एक वाजला. साहेब ओरडत होते. मी चाक उपसून पोत्यात घातलं आणि खाली उतरलो. डोहाशी आई उभी होती. तुझं आणि माझं, सगळंच सांगून टाकलं. म्हणाली, दोन्ही पोरांनी चांगल्या नोकऱ्या घालवल्या, आता वाहत्या पाण्यात निदान धुणं तरी धुवा.

नवं चाक घडवायला चार दिवस पुरतात. लोहारानं साहेबांना पंधरा सांगितले. पंधरा दिवस नदी उघडी आहे. स्टुडिओतून कॅमेरा माग आणि ये, कुठलाही वार चालेल.

चाक सोबतच्या पार्सलात आहे. जड आहे, दोन्ही हातांनी घे. मागायला कुणी आलं तर काय बोलायचं, ते तुला मी काय शिकवणार?

लोभ होताच, आता थोडा अभिमानही असू दे.
तुझा ठोंब्या