आप्पांच्या शुश्रूषेची सुधारित यादी

काष्टी, ता. श्रीगोंदा, जि. अहमदनगर
सोमवार, १६ एप्रिल १९७३

तीर्थस्वरूप राहीआक्का हिच्या चरणी धाकटा भाऊ रंगनाथ याचा साष्टांग दंडवत.

इकडे सर्वजण खुशाल आहेत (जे खुशाल नाहीत त्यांच्याबद्दल खाली लिहिले आहे). तुझे गुडघे कसे आहेत? मेट्रन झाल्यावर रात्रपाळी सुटते असं तू म्हणाली होतीस, ती सुटली का? आधी मी तुला तारच करणार होतो. पण आपल्या गावात तार म्हटली की ती फोडायच्या आधीच बायका गळा काढतात, आणि आप्पांना स्वतःबद्दलची तार स्वतःच्या ओट्यावर बसून ऐकावी लागली असती. शिवाय तारेत दहा शब्द. दहा शब्दांत माझी बाजू मांडून होत नाही, हे तुलाही मान्य व्हावं. म्हणून हे पत्र चांगुणाच्या भावाच्या, सूर्यभानच्या हाती देतो आहे. तो आजच्या गाडीने पुण्याला येतो आहे. त्याला चहा दे, पण बोलत बसवू नकोस, कारण त्याला हकीकत अर्धीच माहीत आहे आणि तो ती दुप्पट करून सांगतो.

तर संक्रांतीला तू आप्पांच्या शुश्रूषेची यादी पाठवली होतीस. वहिनी गेल्यापासून आपले थोरले बंधू एकटे, त्यांचा मुलगा भिमाजी साखर कारखान्यावर नोकरीला, घरात सूनबाई चांगुणा एकटी, आणि आप्पांच्या मधुमेहाला नववं वर्ष लागलेलं. साहजिकच हे काम माझ्याकडे आलं. गुरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं ड्रेसर म्हणून काढलेल्या माणसाला एक माणूस जड जाऊ नये, असा माझा समज होता. तुझी यादी नऊ कलमांची. पहिलं कलम, पाय रोज बघणे, तळवे आणि बोटांच्या बेचक्यांसुद्धा. दुसरं, अनवाणी चालू न देणे. मग सुई, सुईनंतर वेळेवर जेवण, लघवीची तपासणी, डोळे, असं करत करत खाली. आक्का, खरं सांगतो, मला त्यात काही क्रमच दिसेना. कुठल्याही घरात सुरुवात वडीलधाऱ्याच्या डोक्यापासून करतात, पायापासून नव्हे. तू घाईत, ड्यूटीवर उभ्या उभ्या लिहिलं असणार असं समजून मी ती यादी चांगल्या कागदावर वळणदार अक्षरात पुन्हा लिहिली. वर डोळे, मग दात, मग जेवण, सुई, लघवी, आणि शरीराच्या ओघाने पाय नवव्या नंबरवर. पहिल्या कलमाखाली तू लिहिलं होतंस की 'दुखत नाही म्हणाले तर जास्त नीट बघ.' हे वाक्य तर्काला धरून नाही म्हणून मी गाळलं. सुधारित यादी भिंतीवर डकवली. पाहणाऱ्यांनी अक्षराची तारीफ केली.

अंमलबजावणी मात्र कडक. आप्पांची पहिली हरकत सुईला. ज्या हाताने मी खिल्लारी बैलांना टोचलं त्या हाताने आपल्याला टोचून घेणार नाही, असं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं (बैलांनी कधी तक्रार केली नव्हती). शेवटी सुई मी मारायची पण त्या वेळी त्यांच्याकडे बघायचं नाही, अशी तडजोड झाली. न बघता सुई मारणं सोपं नाही. औषधाची बाटली ओल्या वाळूत माठाशेजारी पुरून ठेवली. लघवीची तपासणी ओट्यावर होई, कारण आतल्या खोलीत रंग नीट दिसत नाही. नळीत ते निळं औषध, त्यात आठ थेंब, खाली स्पिरीटचा दिवा. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं म्हणजे थोडं बिघडलं, आणि विटेसारखं लाल म्हणजे आप्पांनी काहीतरी खाल्लं. आठ दिवसांत ही वार्ता गावभर गेली आणि सकाळी नळीभोवती बसायला माणसं येऊ लागली. पाऊस नाही, पेरणी नाही, लोकांना दुसरं बघायला तरी काय होतं? निळं निघालं की लोक आप्पांचं अभिनंदन करत. लाल निघालं की माझ्याकडे बघत.

आणि फेब्रुवारीपासून रोज लालच. मी चांगुणाच्या भाकरीवर संशय घेतला, तिला दोनदा बोललो, ती बिचारी ऐकून घेते. खरा प्रकार असा की इथे पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं आहे, त्याच्या देखरेख समितीवर आप्पा आहेत, आणि मजुरांना जी सुकडी वाटतात ती बरोबर शिजली की नाही हे चाखून बघण्याची जबाबदारी त्यांनी मागून घेतली. गूळ, तेल, पीठ. रोज चाखत होते, आणि गुणवत्तेबद्दल शंका राहू नये म्हणून दोनदा चाखत होते. हे मला मुकादमाच्या बायकोने, बनाबाईने सांगितलं, तेही आप्पा किती कष्ट घेतात याची स्तुती म्हणून. त्याच सुमाराला आप्पा एकदा एकाच पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी कुठे पडली ते त्यांना आठवेना. पुन्हा आठवड्याने तेच. गावाने याचा अर्थ असा लावला की लोकांच्या काळजीत आप्पांना देहभान राहिलेलं नाही. मीही तोच लावला. तिसऱ्या खेपेला आप्पांनी चपलाच सोडून दिल्या आणि मुरमावर अनवाणी फिरू लागले. काटा मोडला तरी ते हूं की चूं करत नाहीत म्हणून मजूर त्यांना वाकून नमस्कार करू लागले. आक्का, मी दुष्काळाला दोष देत नाही, पण एरवी बाहेरून आलेला माणूस दारात पाय धुतो आणि आपले पाय आपसूक बघतो. यंदा टँकरच्या पाण्यात पाय धुणं बंद झालं, आणि ते बघणंही बंद झालं.

काल सकाळी चांगुणा सारवत होती. अर्धं घर सारवून झाल्यावर ती मागे बघते तर ओल्या सारवणावर एक पाऊल सोडून रक्ताचे डाग. पुसले, पुन्हा उमटले. ती मला हाक मारून एवढंच म्हणाली, "तात्या, डाग मामंजींच्या बाजंकडं गेल्यात. मला त्येंच्या पायाला हात लावता येत न्हाई, तुमी बगा." डाव्या पायाच्या अंगठ्याखाली बाभळीचा काटा होता, बोटाच्या पेराएवढा, आणि किती दिवसांचा ते देव जाणे. भोवतालचं कातडं काळं पडलेलं. गुरांचा चिमटा घरात होता, त्याने काढला. मी काटा ओढत होतो आणि आप्पा चांगुणाला विचारत होते, चहा टाकला का. त्यांना कळलंच नाही, आक्का. एकतीस वर्षं दारात बैल आला की मी आधी खूर उचलून बघितला, मालक काय सांगतो ते मागाहून ऐकलं. आणि घरातल्या माणसाच्या रोज सकाळी पाया पडत होतो, पण पाय एकदाही उचलून बघितला नाही. थोरल्या भावाचा पाय उचलून बघायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लाज वाटते, म्हणून इतकी लांबण लावून लिहिलं.

दुपारी श्रीगोंद्याचे डॉक्टर येऊन गेले. मधुमेहाने पाय बधिर झालेत, चप्पल निसटलेली कळत नव्हती ती त्यामुळेच, असं सांगून त्यांनी चार दिवसांची मुदत दिली आहे. तेवढ्यात मोठ्या दवाखान्यात नेलं तर जखमेवर निभावेल, नाहीतर आधी बोट आणि मग पाऊल. डॉक्टर गेल्यावर आप्पांनी पाय धोतराखाली घेतला तो अजून बाहेर काढलेला नाही. पट्टीही करू देत नाहीत. त्यांचं म्हणणं एकच, "दुकत न्हाई तर दवाखान्यात जाऊन दावायचं काय? दुकंल त्या दिशी बगू." साऱ्या अंगात न दुखणारा तेवढा एकच भाग राहिला आहे आणि लोक नेमका त्याच्याच मागे लागलेत, अशी त्यांची समजूत झाली आहे. सरपंच आले, समितीचे लोक आले. सगळ्यांनी समजावलं आणि जाताना त्याच पायाला नमस्कार करून गेले. मी सुधारित यादी फाडली. तुझी मूळ यादी ट्रंकेत होती, ती लावली आहे. अक्षर तुझंच, जरा तिरकं.

सर्वांस यथायोग्य सांगावे. चुकलेल्या धाकट्यावर राग धरू नये.

तुझा,
रंगनाथ

ता. क. खरं काम आता लिहितो. तू ये. नवरा गेल्यावर तू दवाखान्यात शिकायला निघालीस तेव्हा आप्पा काय बोलले ते मी विसरलेलो नाही. परक्या पुरुषांचे हातपाय धुणारीने आमच्या पाया पडू नये, असंच म्हणाले होते. बावीस वर्षं तू तो शब्द पाळलास, भिमाजीच्या लग्नातसुद्धा लांबूनच हात जोडून गेलीस. पण मी एक युक्ती काढली आहे. आप्पा डॉक्टरपासून पाय ओढून घेतात, नमस्कार करणाऱ्यापासून नाही. तेव्हा तू आलीस की काही न बोलता सरळ वाकून त्यांच्या पाया पड, आणि एकदा पाय हातात आला की सोडू नकोस. चूक त्यांची आणि वाकायचं तू, हे मला कळतं. तरी विनंती करतो.

दुसरा ता. क. सूर्यभान पिशवी घेऊन दारात उभा आहे. आप्पांनी इतक्यात विचारलं, एवढं लांब कुणाला लिहितोस. तुझं नाव सांगितलं. मग त्यांनी पत्रच मागितलं आणि चष्मा लावून वरची युक्तीसुद्धा वाचून काढली. मला वाटलं आता फाडतात. मग कागद परत देऊन म्हणाले, "तिला लिही, पाया पडायचं काय कारन न्हाई. माजा मीच पाय म्होरं करीन." तेव्हा युक्ती रद्द समज. सगळ्या आयुष्यात मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, आक्का. पत्र वाचून होताच निघ.