बाहेरच्या युनिटवरचा बर्फ

सर, तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली आणि गेल्या महिन्यात मी तुम्हाला पहिल्यांदा मोठ्यानं हाक मारली, तीही इंग्लंडात, ब्रॅकनेलमधल्या एका भाड्याच्या घराच्या मागच्या अंगणात, ओल्या गवतात गुडघे टेकून. ओळख पटत नसेल तर सांगतो. आयटीआयच्या रेफ्रिजरेशनच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांच्या आधी मशीनमध्ये हात घालणारा आणि सगळ्यांच्या शेवटी वही काढणारा, तो मी. पुण्यात वीस वर्षं एसीची कामं केली, हाताखाली सहा माणसं होती. आता बायकोच्या व्हिसावर इथं आलोय. ती आयटीत. कागदोपत्री मी 'डिपेंडंट'. शब्द अगदी बरोबर आहे हो, म्हणूनच जास्त झोंबतो. इथं गॅसच्या लाइनला हात लावायचा तर इथलं सर्टिफिकेट लागतं, त्यासाठी पोराटोरांच्या शेजारी बसून इंग्रजीत परीक्षा द्यावी लागते. दोन वर्षं झाली, मी रोज 'उद्या फॉर्म भरतो' म्हणतोय.

या घरात भिंतीवर एकच मशीन आहे. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात गरम. आपल्या एसीचाच सख्खा भाऊ, फक्त हा उलटाही चालतो, बाहेरच्या हवेत असेल नसेल ती ऊब ओढून आत आणतो. अॅग्रीमेंटमध्ये लिहिलंय की भाडेकरूनं फिल्टर धुवावेत, बाकी कशालाही हात लावू नये. म्हणून दर दुसऱ्या रविवारी मी फिल्टर काढतो, कोमट पाण्याखाली धरतो, वाळवतो, परत बसवतो. वीस वर्षांचा मेकॅनिक, आणि काम काय, तर जाळ्या धुणं! सकाळी बायको ऑफिसला जाते, लेक शाळेत जाते, आणि मग मी आणि ते मशीन दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसतो. मला कोणी कोंडून ठेवलेलं नाही सर, दाराची किल्ली खिशातच असते. पण जाऊ कुठं आणि कोण म्हणून जाऊ?

त्या दिवशी सकाळी धुकं होतं आणि मरणाची थंडी. मी चहा घेऊन बसलोय आणि मशीनची झडप मिटते, पंखा थांबतो, बाहेरून फुस्स असा आवाज येतो. धावत अंगणात गेलो तर बाहेरच्या युनिटमधून वाफा निघतायत, त्याचाही पंखा बंद. मला वाटलं, गेलं हे! मेन बंद केलं, चालू केलं. थोडा वेळ चाललं, परत तेच. परत बंद. असं चार वेळा केलं मी. आत्ता तुम्ही कपाळावर हात मारला असेल. ते मशीन बिघडलेलं नव्हतंच हो, स्वतःच्या अंगावरचा बर्फ स्वतः वितळवत होतं. दहा मिनिटं गप्प बसलो असतो तर आपोआप सुरू झालं असतं. पुस्तकातलं डीफ्रॉस्टचं ते पान तुम्ही आम्हाला दाखवलं होतंत, म्हणाला होतात, 'आपल्याकडे हे लागत नाही, पण वाचून ठेवा.' कोण वाचतंय! पुण्यात वीस वर्षांत मी एकदाही बाहेरच्या युनिटवर बर्फ बघितला नाही. मी दरवेळी मधेच मेन पाडलं, त्यात खाली पानं साचून पाणी जायची भोकं बुजलेली. अर्धवट वितळलेलं सगळं पुन्हा गोठलं, चांगला बोटभर थर धरला. मग बर्फ फोडायला मी स्क्रूड्रायव्हर आणला. तोच, कोर्स संपल्यावर तुम्ही दिलेला लांब दांड्याचा, कानाला लावून कॉम्प्रेसरचा आवाज ऐकायला. दोन घाव नीट बसले. तिसऱ्याला आतल्या कॉइललाच भोक पडलं, सूं करून गॅस सुटला, आणि माझ्या तोंडून निघालं, 'अहो सर!'

पहिल्या वर्षी वर्कशॉपमधल्या जुन्या फ्रीजरचा बर्फ मी असाच टोचत होतो. तुम्ही येता, माझं मनगट धरता, आणि सगळ्या वर्गासमोर म्हणता, 'बर्फाला वितळायला वेळ दे. घाई तुला आहे, त्याला नाही. मशीन फुटलं तर चालेल, पण फोडलंस आणि मग इकडे तिकडे बघितलंस, तर या वर्कशॉपमध्ये पाय ठेवायचा नाही.' मग दोन तास मला फ्रीजरचं दार उघडं धरून उभं केलंत. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मला तो मारही पुरला नाही.

संध्याकाळी बायकोला सांगितलं, बंद पडलं आपोआप. तिनं लगेच एजन्सीला फोन लावला. ते लोक विचारत असणार, कारण ही ठणकावून सांगत होती, 'माय हजबंड इज फ्रॉम दिस लाइन. त्यानं हातसुद्धा लावलेला नाही!' लेक शेजारी कोट घालून होमवर्क करत होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी भांडी घासायला उठलो.

तिसऱ्या दिवशी एजन्सीनं पाठवलेले एक साठीचे गोरे इंजिनिअर आले. बायको त्या दिवशी घरूनच काम करत होती. चहा देता देता तिनं माझी वीस वर्षं, सहा माणसं, सगळं सांगून टाकलं. इतक्या अभिमानानं तिला माझ्याबद्दल बोलताना मी इथं आल्यापासून ऐकलं नव्हतं. म्हातारा खूश झाला. म्हणाला, मला माणसं मिळत नाहीत, माझ्याकडे ये, सर्टिफिकेट होईपर्यंत हाताखाली काम कर. सर, मला वाटलं, सुटलो! मग आम्ही दोघंच अंगणात गेलो आणि त्यांनी कव्हर काढलं.

भोकाकडे बघत त्यांनी विचारलं, 'हे कोणी केलं?' मी म्हणालो, 'कोल्हा असेल. रात्री येतात इथं.' कोल्हा! त्यांनी बोटानं ते गोल भोक चाचपलं, माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. कव्हर लावत म्हणाले, 'कॉइल बदलावी लागेल. कामासाठी मी तुला फोन करीन. पण आधी हेच पुन्हा विचारीन.'

कॉइल बदलून झाली, ते काम दुसऱ्याच माणसानं केलं. घर आता छान गरम असतं. मशीन मधेच थांबतं तेव्हा मीही हात मांडीखाली घेऊन गप्प बसतो. हे पत्र कुठं पाठवणार, आणि तुम्ही जिवंत असतात तर लिहिलंच नसतं. मीच फोडलं म्हटलं तर बायकोला कळेल की माझ्या खोट्यापायी ती एजन्सीशी भांडली. नाही म्हटलं तर पुन्हा त्या इंजिनिअरच्या नजरेला नजर कशी देऊ? लाज वाटते सर, या वयात.

ती रोज घरी आली की बूट काढता काढता विचारते, 'आला का रे त्यांचा फोन?' आजही विचारलं. मी म्हणालो, 'नाही गं, विसरले असतील.'

दोनदा आला होता, सर.