परसातल्या रेघा

मी, श्रीपती भिवा गायकवाड, वय सत्त्याहत्तर, राहणार तुंगार्ली, लोणावळा, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. कुणाचा दबाव नाही. प्रयत्न झाला, तो पुढे येईलच.

१) स्वकष्टाचं राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलगा गौरव यास.

२) परस आणि त्यातली जपानी खोली. वराळ्याच्या कारखान्यात असताना जपानी साहेबांनी कॅलेंडर दिलं होतं. त्यात एप्रिलच्या पानावर ही खोली होती. बुटकं दार, पुढे बारीक खडी, खडीत दाताळ्याने ओढलेल्या लाटा. चौथीत पाठ केलेल्या कविता म्हणायला हीच जागा, असं तेव्हाच मनात बसलं. पान जपून ठेवलं. निवृत्तीनंतर मारुती गवंड्याला दाखवलं, तर त्याने पायवाटेचे दगड दोरी लावून सरळ रांगेत बसवले. उखडायला लावल्यावर म्हणाला, "आबा, वाकडंच पायजे व्हतं तर गवंडी कशाला बोलावला?"

गौरव म्हणाला, "बाबा, दार चुकलंय. पाहुण्यांना वाकावं लागेल."

आमच्याकडे पाहुणे कोण येतात? शनिवार-रविवारी बंगले भाड्याने देणाऱ्यांकडे येतात तसले! मी तिथेच सावध झालो.

२ फेब्रुवारीला खडीत मी ओढलेल्या रेघांवर बुटांचे ठसे आणि चार कोपऱ्यांत पांढरी फक्की. पोहण्याच्या तलावाची आखणी. गौरव म्हणतो, "मांजर असेल." मांजर फक्की टाकत नाही.

तेव्हापासून रोज सकाळी रेघा तपासतो. एके दिवशी ठसे नव्हते, पण रेघा उलट्या बाजूला कललेल्या. घरात डावखुरी एकच, सूनबाई ज्योत्स्ना. त्या चौथीच्या कविता उतरवलेली माझी वही खोलीत असते, तिचं एक पानही दुमडलेलं.

"नवऱ्याचे ठसे पुसत होतीस?"

"नाही बाबा, माझेच. तास दोन तास बसते आत. कुणी येतं हे कळलं असतं, तर तुम्ही कुलूप लावलं असतं."

कुलूप मी आदल्याच दिवशी आणलं होतं.

सबब परस, खोली, दाताळं व वही ज्योत्स्नाला. दार उंच करू नये. पानं दुमडू नयेत. तिच्यावर लक्ष ठेवायची सवय अजून गेलेली नाही, हेही नमूद करतो.

३) कुलूप कोरं आहे, ते गौरवला. घराला लावावं. परसात यायचं तर बूट काढून, वाकून यावं.

श्रीपती भिवा गायकवाड (सही)

साक्षीदार:
१. मारुती सीताराम शिंदे, गवंडी (सही)
२. कैलास सोपान ढोरे, शेजारी (सही)

तुंगार्ली, १९ मार्च २०२५. आजच्या रेघा डावऱ्या हाताच्या आहेत. तशाच ठेवल्या.