मोरीच्या दारावरची कृष्णा

आबा, परवा साताऱ्याला भाचीच्या नव्या घरी जेवायला गेले होते. जेवायच्या टेबलाच्या मधून तिनं नदी करून घेतलीय. दोन्हीकडं लाकूड, मधे काचेसारखं घट्ट झालेलं पाणी, आणि रंग निळा. लोक त्याच्यावरून हात फिरवत वा वा करत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "हे कसलं पाणी? प्लास्टिकच्या बादलीचा रंग हाय ह्यो." भाचीचं तोंड उतरलं. परतीच्या एसटीत मला तिचा नाही, तुमचा राग येत राहिला. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी तुमच्या घरात दिवस काढले नाहीत.

चौथी शिकलेली मी, लिहायला बसले की हात दुखतो, तरी लिहिते. रेल्वेतनं तुम्ही रिटायर झालात ते नव्वदच्या पुढं कधीतरी. जन्मभर सांगलीकडच्या एवढ्याशा स्टेशनात रुळांचे सांधे बदलले, दुसऱ्यांच्या गाड्यांना वाट करून दिली. आता घरी बसाल, आईला चार हंडे पाणी आणून द्याल, असं वाटलं होतं. तुम्ही काय केलंत? मोरीचं दार बिजागरीतनं काढलंत, सोप्यात दोन घडवंच्यांवर आडवं टाकलंत आणि त्याच्यावर आपलं स्टेशन मांडायला बसलात. रूळ, सिग्नल, कृष्णेवरचा पूल, सेलवर पळणारं इंजिन. घरात दोन बायका आणि मोरीला दार नाही! आम्ही मायलेकी जुन्या लुगड्याच्या आडोशाला अंघोळ करायचो. वारा सुटला की एकीनं लुगडं धरून उभं राहायचं. आई म्हणाली, "आवं, दुसरी फळी गावंना व्हय तुमास्नी?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "एवढी सरळ फळी गावात न्हाई." जसं काय मोरीला वाकडी चालली असती.

स्टेशन झटक्यात उभं राहिलं. पुलाखालच्या पाण्यानं मात्र तुमचा जीव खाल्ला आणि तुम्ही आमचा. आधी काच घातलीत. काच दिसायची, पाणी दिसायचं नाही. मग उपासाचं चायना ग्रास शिजवून साखरेसकट ओतलंत, आणि सकाळी कृष्णामाईला मुंग्या लागल्या. शेजारीण कुंपणावरनं ओरडली, "काय भावजी, नदी गोड झाली वाटतं!" मग ते कुजलं. खरवडून धुवायला कोण? मी. त्यानंतर मिरजेत फायबरच्या टाक्या करणाऱ्याकडनं रेझिन आणलंत, मधासारखं चिकट. त्यात हार्डनर घालून ढवळायचं आणि ओतायचं, की वाळून दगड. पण तुम्हाला दम कुठला? हार्डनर सढळ हातानं घातलंत, सगळी नदी एकदम ओतलीत. ती तापली, धुरायला लागली आणि तडातड भेगा पडल्या. "दुष्काळ पडला," आई म्हणाली आणि पदरात तोंड घालून हसली. तुम्ही जेवायला उठला नाहीत. घरातलं माणूस गेल्यावर बसतात तसे बसलात, एका फळीसाठी.

मग कुठं पातळ पातळ थर द्यायला शिकलात. मधे काळपट हिरवा रंग, काठाकडं गढूळ, चहाच्या गाळणीनं चाळलेली खरी वाळू. एक थर वाळला की दुसरा. वर धूळ बसू नये म्हणून आईचं धुतलेलं लुगडं झाकायला. बुडबुडा दिसला की तोंड जवळ नेऊन हळू फुंकर मारायचात. लेकराच्या डोळ्यात कचरा गेला की अशी फुंकर मारतात. माझ्या डोळ्यात तुम्ही ती कधी मारलेली मला आठवत नाही.

अशात मला स्थळ आलं. वडूजची माणसं, पोरगा शिरवळला कंपनीत. मला ते हवं होतं, आबा. शिरवळला त्याची खोली होती, खोलीत नळ होता, आणि मोरीला आतनं कडी लागत होती. पोरी नवऱ्याचं नाकडोळं बघतात, मी कडी बघत होते. हे तुमच्यामुळं. आई चार वेळा म्हणाली, "पाव्हणं येऊन जाऊंद्यात, मग काय वतायचं ते वता." तुमचं उत्तर ठरलेलं, "आज ऊन हाय. उद्या ढग आलं तर पाणी दुधाळ हुतंय." आदल्या दिवशी शेवटचा थर ओतलात, आणि मागच्या भेगांच्या भीतीनं हार्डनर इतकं कमी घातलंत की सकाळी बोट लावलं तर चिकटत होतं.

पाहुणे सोप्यात बसलेत. मुलाचे वडील नाक ओढतात, विचारतात, "रॉकेल सांडलंय का हो कुठं?" मी पोहे घेऊन येते. मुलगा पोह्यांकडं बघेना, माझ्याकडंही बघेना. वाकून, डोळे फळीला लावून तो पाणी बघतोय. "श्रावणातलं हाय व्हय हे?" तुम्ही तोंड उघडायच्या आत मी बोलून गेले, "न्हाई. मार्गशीर्षातलं. श्रावणात तांबडं असतंय." तेव्हा त्यानं मान वर केली. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, काही विचारायच्या आधी त्याला माझं एवढंच ऐकू आलं. हसला. मला वाटलं, जमलं.

आईनं त्याच्या आईला हळदीकुंकू लावलं. कोरड्या मुलखातली बाई. गाडी कृष्णेच्या पुलावर आली की हात जोडायचे, नाणं टाकायचं, हे हाडात मुरलेलं. ती उठली, फळीपाशी आली. "कृष्णामाई," म्हणाली, करंड्यातलं चिमूटभर कुंकू पाण्यावर सोडलं, कनवटीचं नाणं काढून पुलाखाली टाकलं आणि डोळे मिटून हात जोडले. कुंकू ओल्या थरात लालभडक पसरलं.

"आवं बाई, डोळं फुटलं काय तुमचं? नासवलंत की माझं पाणी!"

तुम्ही ओरडलात, होणाऱ्या विहीणबाईला! तिचे हात जोडलेलेच राहिले. मुलाच्या वडिलांनी अर्धी बशी खाली ठेवली, "चला" म्हणाले. मुलगा पायात चपला घालताना माझ्याकडं बघायचं टाळत होता. बाई उंबऱ्यात थांबून मला म्हणाली, "चुकलंच माझं, पोरी. मला खरंच वाटलं गं."

पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या एसटीडीवर मुलाकडनं निरोप आला. तुझ्या वडलांनी वडूजला येऊन चुकलं म्हणून एक शब्द बोलावा, आम्ही विसरतो. आई तुमच्या पाया पडली. तुम्ही सुईच्या टोकानं कुंकवाचे कण काढत होतात. "मी कशापायी जाऊ? नासलं कुणाचं?" सबंध नोकरीत स्टेशनमास्तरासमोर कमरेत वाकून उभे राहिलात, आणि एका भल्या बाईपुढं जीभ हलवायला तुमचा मान आडवा आला! आणि मान कसल्या पाण्याचा? त्या पाण्यात तांब्या बुडत नव्हता. तहान भागत नव्हती, भांडं विसळता येत नव्हतं. आई एकटी वडूजला गेली, एकटी परत आली. चूळ भरली, चुलीपुढं बसली. ते स्थळ गेलं.

पुढच्या साली दुसरं स्थळ आलं, तेव्हा आईनं शहाणपण केलं. बघायचा कार्यक्रम वाईला मामाकडं ठेवला आणि तुम्हाला नेलंच नाही. तिनं मला पढवलं होतं, वडील रेल्वेतनं रिटायर झाले, एवढंच सांगायचं. मुलाच्या चुलत्यानं विचारलं, "वडील काय करत्यात?"

"पाणी करत्यात."

"भरत्यात?"

"न्हाई. करत्यात. बघितलं तर हात जोडाल."

आईनं मांडीला चिमटा काढला. चुलता हसला, लग्न जमलं, संसार झाला, वाईट नाही झाला. परतताना आई म्हणाली, "कशाला बोललीस गं भवाने?" मी म्हटलं, "आबांची जिरवायला." तिला पटलं. तिनं ते तुम्हाला सांगितलं असणार, आणि तुम्ही थर देता देता "हं" म्हणाला असाल.

हे कुणाला दाखवणार नाही. तुम्ही असता तरी दिलं नसतं. दोन ओळी वाचून कागद रंग पुसायला घेतला असता. पण वाईला ते 'हात जोडाल' तुमची जिरवायला नव्हते बोलले मी, आबा.