आईला नोकरी लागली

प्रिय ठमे,

तुझा फोन आला की मी "सगळं ठीक आहे" म्हणून घाईघाईने ठेवून देते आणि तू रुसतेस, हे मला कळतं. तू डॉक्टर काय म्हणाले ते सांगतेस, पाय सुजल्याचं सांगतेस, आणि शेवटी न चुकता विचारतेस, "आई, तिकीट काढलंस का?" त्याचं उत्तर फोनवर द्यायला जमेना, म्हणून हे पत्र. उत्तर आहे, पण ते सगळ्यात शेवटी. मधलं गाळून शेवटाकडे पळालीस तर याद राख! गोष्टीच्या पुस्तकांचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

तुला वाटतं, आई वेळ घालवायला कुठल्याशा कारखान्यात जाते. तसं नाही गं. नीट सांगते. निवृत्त झाल्यापासून तुझे बाबा रोज सकाळी वर्तमानपत्राशी भांडतात. सरकारने रोजगाराचं नवं धोरण आणलं, इतक्या लाख नोकऱ्या निर्माण होणार, अशी बातमी आली तेव्हा त्यांनी पेपर टेबलावर आपटलाच. "कुठे आहेत या नोकऱ्या? एक तरी दाखवा म्हणावं!" त्याच बातमीत खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की ज्या बायकांनी आजवर कधीच पगारी काम केलं नाही, त्यांना चाळिशीनंतर जो कारखाना कामावर घेईल त्याला पहिले सहा महिने त्यांचा निम्मा पगार सरकार देईल. बाबा तिथवर पोचलेच नाहीत. मी मात्र भाजी निवडायला तोच कागद घेतला, आणि भाजी राहिली बाजूला. पुढच्याच महिन्यात बाबांना हवी होती ती एक नोकरी दिसली. ती त्यांच्याच स्वयंपाकघरातून डबा घेऊन बाहेर पडत होती.

आमच्या कारखान्यात बसगाड्यांच्या आतल्या वायरी तयार होतात. दिवे, हॉर्न, वायपर, सगळ्यांच्या तारा एकत्र बांधून एकच लांब जुडी करायची. समोर मोठा फळा असतो, त्याला खुंट्या. लाल वायर या खुंटीवरून, पिवळी त्या खुंटीवरून, मग ठरल्या जागी घट्ट टेप. मुलाखतीत सुपरवायझर मॅडमनी विचारलं, हे जमेल का? ही मॅडम तुझ्याहून लहान आहे आणि मला मावशी म्हणते. मी म्हटलं, माझी मुलगी शाळेला जाताना एका जागी उभी राहत नसे, तिच्या रोज दोन वेण्या घातल्या आहेत. तुमचा फळा तर हलतसुद्धा नाही. तरी पहिल्या आठवड्यात फजिती झालीच. तपासणीच्या टेबलावर माझी जुडी लावली, वायपरचं बटण दाबलं, आणि हॉर्न वाजला. अख्खा हॉल हसला. ती बस तशीच रस्त्यावर गेली असती तर पाऊस आला की बोंबलत सुटली असती! त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून काम करते, आणि आता नव्या आलेल्यांना मॅडम माझ्या फळ्यापाशी बघायला पाठवते.

पण खरी फजिती चहाच्या सुट्टीत झाली. पहिल्याच दिवशी चहा झाला, आणि मी सवयीने उठून सगळ्यांचे कप गोळा केले, विसळायला घेतले. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. माझं बघून आणखी दोघी उठल्या. इतक्यात कॅंटीनवाले काका धावत आले. रागाने लालबुंद. म्हणाले, "बाई, ठेवा ते कप! मला पगार मिळतो त्याचा. तुम्ही फुकटात करायला लागलात तर उद्या साहेब मला घरी बसवतील." मी कप तसाच खाली ठेवला. ठमे, इतकी वर्षं मी जे फुकटात करत आले, त्यात कुणाची तरी नोकरी दडलेली असते हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते आपला कप मुकाट्याने धुवायला घेऊन गेले. धुताना कान फोडला त्याचा, पण घेऊन गेले.

मध्यंतरी धोरणाचं काम कसं चाललंय ते पाहायला खात्याचे एक साहेब आले. एकेकीला विचारत होते, याआधी काय करत होता? पहिली म्हणाली, काही नाही, घरीच होते. दुसरी म्हणाली, काही नाही. माझी पाळी आली, माझ्याही तोंडून तेच गेलं. तेवढ्यात मागून चहा देणारे काका म्हणाले, "साहेब, या काहीच न करणाऱ्या बायकांनी आल्या दिवशी माझं काम पळवलं होतं बरं का!" साहेबांनाही हसू आवरेना. मग त्यांनी नियम समजावला. सहा महिने सलग भरले की कारखान्याने आम्हाला कायम करायचं. आजारपणाची एक-दोन दिवसांची सूट आहे. त्याहून मोठा खंड पडला की मोजणी पहिल्यापासून, आणि परत घेतीलच याची खात्री नाही.

आता जरा बोटं मोज. मी कामाला लागले तेव्हा तू ती गोड बातमी दिलीस आणि म्हणालीस, तिसरा महिना चालू आहे. मोजलंस? तुझे दिवस आणि माझे महिने एकदमच भरताहेत. मला हे गेले कित्येक आठवडे ठाऊक आहे आणि म्हणूनच मी फोन लवकर ठेवते. तुझ्या कॅलेंडरवर ज्या तारखेला तू लाल गोल काढलायस, त्याच सुमारास मी कायम होणार, किंवा नाही होणार.

आणि आता बाबांचं ऐक, म्हणजे तुझा राग थोडा निवळेल. मी हा पेच त्यांच्यापुढे मांडला तेव्हा मला वाटलं, म्हणतील, पोरीपेक्षा नोकरी मोठी का? ते पेपरची घडी घालून म्हणाले, "मी जातो." मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. ते चिडले. म्हणाले, "पन्नाशीत तुला नोकरी जमते, मग मला बाळंतपण का जमू नये?" मला वाटलं, नव्याचे नऊ दिवस, विसरतील. पण दुसऱ्या दिवसापासून ते शेजारच्या वहिनींकडे शिकायला जायला लागले. वहिनींचं बाळ दोन महिन्यांचं आहे. पहिल्या दिवशी बाळाला अंघोळ घालून आले ते स्वतःच नखशिखांत भिजून. बाळ म्हणे कोरडंच होतं! आता मात्र मान कशी धरायची, लंगोट कसा बांधायचा, रडतंय ते भुकेने की पोटात दुखून, सगळं येतं त्यांना. मऊ भात आणि पातळ भाज्याही जमतात, मीठ तेवढं तू वरून घे. परवा तर वहिनींनी विचारलं, काका, रोजच येता का, काय ते पैसे देऊ. एक रोजगार तिथेही निर्माण झालाच म्हणायचा.

तर झालं नमनाला घडाभर तेल. ठमे, मी येत नाहीये. बाबा येताहेत. त्यांचं तिकीट काढलंय, तारखेच्या आठ दिवस आधीचं. जावईबापूंना सांग, स्टेशनवर घ्यायला या, आणि पहिले दोन दिवस सासऱ्याला हसू नका. साहेबांच्या नियमावर बोट ठेवून मला सुटता आलं असतं, पण तुला खोटं लिहवत नाही. नोकरी सोडून येता आलं असतं. मला कुणी बांधून ठेवलेलं नाही. मलाच सोडायची नाहीये. तिथे कुणी विचारतं, ही वायर इथूनच का नेली, आणि माझ्याकडे उत्तर असतं. मला ते फार आवडतं गं. तुला कळा येतील तेव्हा मी फळ्यापाशी असेन, एक डोळा फोनवर ठेवून, आणि बहुतेक पुन्हा हॉर्न वायपरला जोडून बसेन. रडू येतंय हे लिहिताना, लपवत नाही. रागाव, हवं तर दोन दिवस बोलू नकोस, पण बाळ झाल्यावर पहिला फोन मला कर. आणि त्यानंतर थोडी वाट बघ. कायम झाले की मला भरपगारी रजा मिळणार आहे. इतकी वर्षं घरात राबले, तिथे रजा मागायची कुणाकडे? आयुष्यातली पहिली रजा मिळाली की मी तडक तुझ्याकडे येईन, बाळाला मांडीवर घेऊन बसेन, आणि तुझ्या घरात एकही कप विसळणार नाही.

तुझीच,
कामाला जाणारी आई