पिंडावर घेतलेलं नाव

हुबळी,
गुरुवार, ३० ऑक्टोबर २००३

ती. कुसुमअक्कास,

वरदचा नमस्कार. इकडं आम्ही दोघं बरे. मिरजेत थंडी पडली का? तुझे गुडघे कसे आहेत?

भाऊबीजेला आलो नाही. वेदश्रीनं फोनवर तुला 'ह्यांचा पाय दुखतोय' म्हणून सांगितलं. दुखतो खरा, तळवे कापसावर ठेवल्यासारखे वाटतात. पण गाडीत बसता येणार नाही एवढा नाही.

दुकान चालू आहे. दुर्गदबैलच्या बाजारात दिवाळीची गर्दी होती. हातांना अजून सगळं येतं बघ. खण मोजायचा, कापायचा, घडी घालायची, एक बोट इकडं-तिकडं होत नाही. फक्त समोरच्या बाईला आत्ताच दिला, हे आठवत नाही. परवा एकीला तसलाच दुसरा कापायला घेतला. ती म्हणाली, "अण्णा, मला पाठ एकच आहे." सगळे हसले. मीपण.

देशपांडे नगरात डॉ. भार्गवींकडं जातो. जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. पहिल्या दिवशी त्यांनी पेरू, चिमटा, खिडकी असे तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले. मी म्हणालो, तुम्ही शब्द दिलेच नाहीत. काल काय केलं विचारलं, तर म्हणालो, संकेश्वरला लग्नाला गेलो होतो, जिलबी चांगली होती. खरं तर आदल्या दिवशी मी घरात झोपून होतो. खोटं बोलत नव्हतो अक्का, मला जिलबी दिसत होती. त्या म्हणाल्या, पंधरा वर्षं दारू प्यायलेल्या मेंदूला भोकं पडतात, आणि मेंदू भोक रिकामं ठेवत नाही. शेजारी सापडेल ते उचलून बसवतो. सोडली तर थोडं परत येईल, सगळं नाही.

सोडली आहे. आज एक्केचाळीस दिवस.

आता त्या शुक्रवारचं. निम्मं मला आठवतंय, निम्मं वेदश्रीकडून घेतलंय.

पितृपक्षातलं आपल्या घरचं श्राद्ध होतं. जुने भटजी गेले, त्यांच्या जागी पद्मनाभभट आले होते. त्यांना आपल्या घरची नावं माहीत नाहीत, म्हणून एकेक विचारत होते. अप्पा, आजोबा, पणजोबा नीट सांगितले. मग म्हणाले, "आईंचं?"

मी म्हणालो, कुसुम.

पिंड ठेवून झाला. तेवढ्यात वेदश्री हातात झारा तसाच घेऊन बाहेर आली. "अहो, त्या अक्का. अक्का आहेत की अजून." पद्मनाभभट थांबले. "इरली बिडरी, इन्नोम्मे हेळरी." असू दे, परत सांगा. मी परत तेच सांगितलं. वर सगळ्यांसमोर वेदश्रीवर ओरडलो, "माझ्या आईचं नाव मला तू शिकवणार?"

तू जिवंत असताना तुझ्या नावानं तीळ-पाणी सोडलं मी. आणि भाऊबीजेला तुझ्यासमोर पाटावर बसून माझ्या आयुष्यासाठी ओवाळून घ्यायचं? पाय त्यानं दुखत होता.

डॉक्टर म्हणाल्या, हा आजार आहे, तुम्ही मुद्दाम केलं नाही. मी मान डोलावली. आईच्या शेजारी माझ्या डोक्यात कोण आहे हे त्यांना कुठलं माहीत. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, तू सोळाची. शाळेत घालताना पालक म्हणून सही तूच केलीस. पण हे सांगून मला सुटायचं नाही. कारण एक गोष्ट डॉक्टरांना सांगितली नाही, वेदश्रीलाही नाही.

दर्भाची अंगठी घालताना हात थरथरेल, भटजी बघतील, म्हणून सकाळी अंघोळीच्या आधी न्हाणीत लपवलेल्या बाटलीतले दोन घोट घेतले. श्राद्धाला बसायच्या आधी. हात थरथरला नाही. एक्केचाळीस दिवस मी तिथूनच मोजतोय.

आजार पंधरा वर्षांचा असेल. ते दोन घोट त्या दिवशीचे, आणि ते घेतलेले मला पक्के आठवतात.

कार्तिक संपेपर्यंत भाऊबीज चालते असं तूच म्हणायचीस. येऊ का? तुला ओवाळायचं नसलं तर नुसता येऊन पाया पडून जातो. तेही नको असलं तर तसं लिहून कळव. फोनवर सांगू नकोस. फोनवर तू नको म्हणालीस तरी मला 'ये' असंच आठवेल.

पाकिटात घालायच्या आधी हे पत्र वेदश्री वाचणार आहे, माझं चुकलेलं खोडायला. घोटांचं तिला तेव्हाच कळेल.

आईचं नाव सरस्वती. हे वेदश्रीला न विचारता लिहितोय.

तुझाच, वरचं नाव खोडलेलं नसलं तर,
वरद