टिंबाची जागा

१२ जानेवारी १९८७, सोमवार
अधीक्षक साहेबांनी (यापुढे अ.सा.) आज काम लेखी दिले. रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर संगणक बसणार. त्यावर दिसणारे नोंदीचे पडदे (स्क्रीन) कोणत्या साधनाने आखायचे आणि तपासायचे, याची शिफारस मी, इथली नवी प्रोग्रॅमर, २ फेब्रुवारीच्या समितीपुढे ठेवायची. उमेदवार दोन. पुण्याहून येणारे तयार पॅकेज (पु.पॅ.), ज्यात प्रोग्रॅम न लिहिता पडदा आखता येतो, आणि बेसिक ही संगणकाची भाषा, जिच्यात ओळ न् ओळ मलाच लिहावी लागेल. तिसरा उमेदवार माझ्या टेबलावर आहे, पण त्याला कोणी उमेदवार म्हणत नाही. आलेखाचा कागद. ऐंशी चौकटी आडव्या, पंचवीस उभ्या. पडद्यावर मावतात तेवढीच अक्षरे.
आदेशाच्या शेवटी एक वाक्य आहे. चाचणीत ज्यांना यंत्र जमणार नाही त्यांना दप्तराच्या गोदामात पाठवण्यात येईल. खिडकीवर एकोणीस वर्षे वत्सलाबाई मेश्राम बसतात. म्हणजे परीक्षा साधनाची की बाईंची? हे अ.सां.ना विचारले. म्हणाले, "दोन्ही एकत्र उरकेल."
असे उरकत नाही. एका प्रयोगात एकच गोष्ट बदलावी, हे पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

१४ जानेवारी, बुधवार
पु.पॅ.चे श्री. साठे यांनी प्रात्यक्षिक दाखवले. अर्ध्या तासाच्या आत संपूर्ण पडदा. दुहेरी रेघांच्या चौकटी, उजळ अक्षरे. खोटे कशाला लिहू, आनंद झाला. बेसिकमध्ये ती चौकट काढायला मला दोन दिवस लागले होते.
एक अट मी स्वतः घातली. प्रत्येक रकाना सक्तीचा. भरल्याशिवाय कर्सर पुढे सरकणार नाही. जुन्या रजिस्टरात रिकामे रकाने फार. शिवाय जागोजागी पेन्सिलीची टिंबे, ती मी गेल्या महिन्यात 'अस्वच्छ लेखन' म्हणून नोंदवली आहेत. साठे खूश. त्यांचे पॅकेज मुळात तसेच चालते.
वत्सलाबाईंनी तिळगूळ दिला आणि विचारले, "मॅडम, थ्या मशीनलेही द्याचा का? गोड बोलंन."

१७ जानेवारी, शनिवार
पहिली चाचणी. बाईंनी चपला दाराबाहेर काढल्या (संगणकाच्या खोलीचा नियम), कळफलकाला नमस्कार केला आणि बसल्या. आमच्या नर्स खोट्या रुग्ण झाल्या होत्या. अकरा नोंदी बिनचूक. साठे घड्याळ लावून उभे.
मग खिडकी उघडली, खरे रुग्ण. कन्हानकडच्या एका गावची बाई, एकटी, अंगात ताप. नाव झाले, वय झाले, गाव झाले. पुढचा रकाना पतीचे नाव. बाईने मान खाली घातली. वत्सलाबाईंची बोटे कळांवर अधांतरी. यंत्राने टूंऽ केले. पुन्हा टूंऽ. रांगेतून कोणीतरी, "काय झोपले का गा आतले?" साठे हळूच म्हणाले, "बाईंना जमत नाहीये." अ.सा. मागे उभे होते, त्यांनी डायरीत काही लिहिले. वत्सलाबाईंनी यंत्र तसेच सोडले, जुने रजिस्टर ओढले, अर्ध्या मिनिटात नंबर देऊन बाईला डॉक्टरांकडे पाठवले.
अ.सां.नी काय लिहिले ते मला दिसले. 'कर्मचारी अयोग्य.'
खिडकी बंद झाल्यावर मी विचारले, त्या का थांबल्या.
"थे बाई नवऱ्याचं नाव नाही घेत, मॅडम. खेड्यातल्या कितीक नाही घेत. म्या विचारतच नाही. टिंब ठेवाचं अन् नंबर द्याचा. मंग औषधाच्या रांगेत दीर भेटते, शेजारीण भेटते, त्याइले विचारून लिहून टाकाचं."
"रजिस्टरातली टिंबे ती हीच?"
"मंग काय माशी बसली होती?"
एकोणीस वर्षांची टिंबे. मी त्यांना घाण म्हटले.

१८ जानेवारी, रविवार
उमरेड. आईबाबांकडे. आईपुढे वही धरून मी कारकून झाले. "पतीचे नाव?"
"तुले माहीत नाही का वं?"
"मला माहीत आहे. तुम्ही सांगा."
"तुह्या मार्कशीटवर हाय. पाहून घे."
बाबा मागाजवळ बसल्या बसल्या हसत होते. माझ्या सतरा वर्षांच्या शिक्षणातले प्रत्येक प्रमाणपत्र तिने हातात घेऊन पाहिले आहे. मधले नाव मोठ्याने एकदाही वाचलेले नाही. हे मी लहानपणापासून पाहत आले आणि तरीही तो रकाना सक्तीचा केला. शिकलेले आणि पाहिलेले माझ्या डोक्यात दोन निरनिराळ्या कपाटांत होते.
बाबांच्या पेटीत साड्यांच्या काठांचे जुने आलेख आहेत, चौकटीचौकटीचे, खोडून खोडून काळे झालेले. म्हणाले, "मागावर तानीचे धागे चढवले का मंग बदल होत नाही. म्हून आंधी वीतभर विणून पाहाचं. पसंत नाही पडलं त उसवाचं."
वीतभर. जे उसवताना जिवावर येत नाही, ते नमुन्याचे साधन. शिफारशीचे पहिले वाक्य मिळाले.

२० जानेवारी, मंगळवार
साठ्यांना विचारले, रकाना 'नंतर भरायचा' म्हणून सोडता येईल का, आणि असे सोडलेले रकाने संध्याकाळी एकत्र दिसतील का? उत्तर: रकाना सक्तीचा असतो किंवा ऐच्छिक. तिसरा प्रकार नाही. ऐच्छिक केला तर रिकामा राहिलेला पुन्हा सापडणार नाही. बदल हवा असेल तर पुण्याला कळवावे लागेल, पुढच्या आवृत्तीत पाहू. तोवर? "काहीही तीन अक्षरे दाबा, पुढे जाईल."
वत्सलाबाई शेजारीच होत्या. "खोटं नाव लिहू? एखाद्या बाईच्या कागदावर दुसऱ्याच बाप्याचं?"
साठे खाली पाहू लागले.

२२ जानेवारी, गुरुवार
बेसिकमध्ये केले. टिंबाची कळ दाबली की कर्सर पुढे. शेवटी एक वेगळा पडदा, 'टिंबांची यादी'. आधी कागदावर. बाईंनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली. गाव वर नेले, वय खाली आणले. "पयले गाव विचारलं का माणूस मोकळा होते. वय विचारलं का घाबरते." जेवणाच्या सुट्टीत पडदा चार वेळा बदलला, चारही वेळा त्यांच्यासमोर. पाचव्यांदा त्या म्हणाल्या, "आता राहू द्या, पोळी खा."
दोष लपवायचा नाही: तीनला वीज गेली आणि सहा नोंदी गेल्या. पु.पॅ.मध्ये त्या वाचल्या असत्या. हेही शिफारशीत येईल. पक्के काम उद्या कशातही होवो, पु.पॅ.मध्येसुद्धा, पण नमुना खिडकीवर, बाईंच्या शेजारी बसून, कागद आणि बेसिकवरच.

२४ जानेवारी, शनिवार
अ.सां.नी मसुदा वाचला.
"मॅडम, तुम्हाला सॉफ्टवेअर निवडायला सांगितलं होतं. तुम्ही बायकांच्या रीतीभातींवर निबंध लिहिलात."
मी म्हटले, खिडकीवर त्याच बायका येतात.
"त्यांना सांगा, नाव घ्या. लागेल सवय."
"तापात आलेल्या बाईला?"
त्यांनी टेबलावर दोन कागद सरकवले. एक वत्सलाबाईंच्या बदलीचा, टाइप केलेला, तारीख कोरी. दुसरा शिफारशीचा, त्यात 'पु.पॅ. योग्य आढळले, कर्मचाऱ्यांची अकार्यक्षमता वगळता' हे वाक्य आधीच छापलेले, खाली माझ्या सहीची रेघ.
सही करणार नाही, असे म्हटले. आवाज चढवला नाही. नोकरी कायम व्हायला परिविक्षेचे चार महिने शिल्लक आहेत याची त्यांनी आठवण करून दिली. मला ती होतीच.
वत्सलाबाईंना कोणी सांगितले कोण जाणे. जिन्यात भेटल्या. "मॅडम, माह्यासाठी भांडू नका. गोदामातबी पंखा हाय."
"तुमच्यासाठी नाही भांडत. चूक माझी होती, तिची शिक्षा तुम्हाला होऊ देणार नाही."
"मंग भांडा," म्हणाल्या, आणि वर गेल्या.

२७ जानेवारी, मंगळवार
अ.सां.ना पत्र दिले, समितीच्या तिन्ही सदस्यांना प्रती. पहिल्या परिच्छेदात: सक्तीची अट मी घातली, रजिस्टरातली टिंबे मी चुकीची वाचली. दुसऱ्यात मागणी: २ तारखेला त्याच खिडकीवर दोन्ही पडदे दोन यंत्रांवर शेजारी शेजारी लावावेत. बेसिकवर वत्सलाबाई. पु.पॅ.वर, कर्मचाऱ्याच्या अकार्यक्षमतेचा प्रश्नच उरू नये म्हणून, स्वतः अधीक्षक साहेब.
पत्र तीनदा वाचले. एकही शब्द उद्धट नाही. तसा तो शोधायला ते अर्धा दिवस घालवतील.

३० जानेवारी, शुक्रवार
समितीने मान्य केले. अ.सा. आता मला चिठ्ठीनेच कामे सांगतात.
साठे जिन्यात थांबले. "माझी आईसुद्धा नाव घेत नाही हो. पण हे मला समितीपुढे बोलता येणार नाही."
"मग माझ्याजवळ बोललात त्याचा उपयोग काय?"
गेले बिचारे. वाईट माणूस नाही. मी जरा कमी बोलले असते तर चालले असते. तरी जे बोलले ते परत घेणार नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी, खिडकीमागे
उभ्यानेच लिहिते आहे. समिती मागच्या बाकावर. अ.सां.नी बूट काढले; डाव्या मोज्याला भोक आहे, म्हणून पाय खुर्चीखाली ओढून बसलेत. वत्सलाबाई शेजारी, टेबलाच्या कोपऱ्यात दोन्हीकडे टोक काढलेली पेन्सिल, सवयीने.
साहेबांच्या रांगेत पहिलीच एक बाई, कडेवर मूल. तिचा माणूस दूर सायकलींजवळ उभा. नाव. वय (घाबरली). गाव. टूंऽ.
"नवऱ्याचं नाव?"
बाईने पदर पुढे ओढला.
"अहो बाई, नाव सांगा. यंत्र थांबलंय."
ती मुलाच्या डोक्यावरून हात फिरवते आहे. टूंऽ. रांग वाढते आहे. बाजूच्या रांगेतल्या चार जणी वत्सलाबाईंकडून नंबर घेऊन गेल्यासुद्धा. त्यांतल्या दोघींचे टिंब.
अ.सां.नी मागे माझ्याकडे पाहिले. मग साठ्यांकडे पाहिले. साठे उठून उभे राहिले, मग परत बसले.
शेवटी शेजारी वळून, अगदी हळू: "वत्सलाबाई, अशा वेळी तुम्ही काय करता?"
"टिंब ठेवतो, साहेब."
ते पडद्यावर टिंबाला जागा शोधू लागले. अजून शोधत आहेत. बदलीचा कागद त्यांच्या खिशात आहे, घडी बाहेर दिसते. माझ्या सहीची रेघ कोरी आहे. बैठक बाराला.